पालकावरच्या चादरी

सभासद म्हणजे काय प्रकरण असतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. सासू एकच असते, म्हणून तिच्याशी निभतं. वहिनींना सासू एक होती आणि सभासद गल्लोगल्ली होते.

रान त्या सगळ्यांनी मिळून घेतलेलं. वर्षाचे पैसे त्यांनी आधी भरायचे, आणि वहिनी व त्यांचा नवरा, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, या दोघांनी ते पिकवायचं. दर रविवारी सभासद टोपल्या घेऊन येणार आणि निघेल तो भाजीपाला सारखा वाटून नेणार. कमी निघाला तर सगळ्यांना कमी, जास्त निघाला तर सगळ्यांना जास्त. बांधाला लागून दोन खोल्यांचं घर होतं, तेही सभासदांचंच. जो रान सांभाळील त्यानं तिथं राहायचं. बोलायला सगळं कसं गोड! आपलं रान, आपली भाजी, आपण सगळे एक कुटुंब. पण कुटुंबातल्या माणसाला ठेवायचं की घालवायचं, हे कुणी दर हिवाळ्यात हात वर करून ठरवतं का? इथं ठरवत. आणि यंदा वहिनींना पहिल्यांदाच त्याची भीती वाटत होती.

वाटणार नाही तर काय? हिवाळ्याच्या तोंडावर वादळ झालं. पॉलिहाउसचं प्लास्टिक टराटरा फाटलं आणि आतले टोमॅटो गेले. थंडीत पिकावर अंथरायचं क्रॉप कव्हर उडून काटेरी तारेत अडकलं, त्याच्या चिंध्या झाल्या. कोबीला अळी लागली. राहता राहिले पालकाचे आणि सॅलडचे वाफे, विहिरीपासून पार रस्त्यापर्यंत. रविवारच्या टोपल्यांचा तळ दिसायला लागला होता आणि सभासद तो एकमेकांना दाखवायला लागले होते. पालक टिकला तर टोपल्या भरतील आणि घर राहील. नाहीतर म्हाताऱ्या सासूला घेऊन चंबूगबाळं आवरायचं. इतकी साधी गोष्ट होती.

त्या दिवशी वहिनी लसणातलं तण काढत होत्या. थंडीनं माती अशी घट्ट झाली होती की खुरपं आत शिरायला मागत नव्हतं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांत खडे गेले की जीव कळवळायचा. उकिडवं बसून कंबरेचा पार भुगा झाला होता. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि अध्यक्ष उतरले. यांचं टायरचं दुकान होतं. सभासदांनी यांना अध्यक्ष का केलं, तर यांचा आवाज मोठा होता, दुसरं काही कारण नाही. त्यांच्या मागून एक तरुण जोडपं उतरलं, कोरे बूट घातलेलं.

"चालू द्या, चालू द्या वहिनी तुमचं," अध्यक्ष लांबूनच ओरडले. "ही मंडळी सहज आलीत. रान बघायला."

सहज! सहज कुणी दुसऱ्याचं रान बघायला येतं होय? तो नवरा वाफ्याच्या कडेनं पावलं मोजत निघाला. बायको सरळ घराकडे वळली. वहिनी खुरपं टाकून तिच्या मागं धावल्या.

"आत येऊ का?" तिनं विचारलं, तेव्हा ती आत आलेलीच होती. "ओटा जरा लहान आहे, नाही? आणि ही खिडकी बंदच असते का?"

खाटेवर सासूबाई गुडघ्यांना फडकी गुंडाळून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाटही बघून घे बाई. मी गेले की रिकामी होईल. पण अजून थोडा उशीर आहे."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. "तसं नाही हो आजी," असं काहीतरी पुटपुटत मागं सरली. वाईट नव्हती बिचारी. वहिनींना तिचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणून आणखीच चीड आली. बाहेर येऊन बघतात तर काय, त्यांचा नवरा, दस्तुरखुद्द दादा, अध्यक्षांना आणि त्या तरुणाला हसून हसून विहीर दाखवत होते. पाणी कुठपर्यंत राहतं, मोटर कुठून घेतली, सगळं साग्रसंगीत.

दादांचं हे असंच. चोर आला तरी त्याला आधी पाणी विचारतील. त्यांची आईच त्यांना गुळाची ढेप म्हणायची.

गाडी गेल्यावर वहिनींनी विचारलं, "विहीर कशाला दाखवलीत?"

"विचारलं त्यांनी."

"उद्या चुलीत पाय घाला म्हणाले तर?"

"अगं, गोडीनं घ्यावं. माणसं दुखावून काय मिळतं?"

"गोडीनं घेऊन काय मिळालं ते दिसतंयच की! आपण आत असताना घराला गिऱ्हाईक आलं."

 दादा लसणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत तण काढत राहिले. कामाला ते कधीच कमी नव्हते, हे मात्र वहिनी कुणाहीपुढं कबूल करत.

त्याच आठवड्यात एका दुपारी वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, पानही हलेना. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "आज गोठणार गं. माझे गुडघे तुटायला लागलेत." वहिनींनाही ते दिसत होतं. जे मिळेल ते त्यांनी बाहेर काढलं. जुनी पोती, कव्हरच्या टाचलेल्या चिंध्या, घरातली गोधडी, दादांचा कोटसुद्धा. सगळं अंथरून झालं, तरी विहिरीकडचा कोपराच झाकला गेला. बाकीचे वाफे तसेच उघडे, हिरवेगार, बिनघोर. 

वळून बघतात तर दादा फोनवर अंगठा चालवत होते.

"काय करताय?"

"ग्रुपवर टाकलं. घरातल्या चादरी घेऊन लगेच या म्हणून."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांच्यापुढं हात पसरलात? ज्यांनी घर दाखवायला माणसं आणली त्यांच्यापुढं?"

"हात कसला पसरायचा त्यात? पीक त्यांचंच आहे. नाही मागायचं तर काय करायचं, सांग. तुझ्याकडे आहेत एवढ्या चादरी?"

नव्हत्या.  वहिनी म्हणाल्या, "बरं. पण आणखी एक टाका. सकाळी ऊन वर आल्याशिवाय कुणी चादर न्यायला यायचं नाही. दवानं कापड ओलं होतं आणि पानाला चिकटून गोठतं. तसंच ओढलं की पानं फाटतात, उरतात ती काळी पडतात. नीट समजावून लिहा."

"लिहितो, लिहितो," दादा म्हणाले.

आता खोटं कशाला बोला, सभासद आले. स्कूटरवरून आले, गाड्यांतून आले, काही चालत आले. फुलाफुलांच्या चादरी, शाळेतल्या सहलीची सतरंजी, कड्यांसकट काढून आणलेला पडदा. अध्यक्षांनी बायकोची कपाटातली जाड पांढरी चादर आणली होती. धुकं उतरायला लागलं होतं आणि त्या धुक्यात माणसं चादरीची टोकं धरून वाफ्यांवरून पळत होती. कडेला दगड ठेवत होती. सगळ्यांना मोठा उत्साह, आणि त्या उत्साहात निम्मे जण पालकावरूनच चालत होते.

"अहो, सरीतून चाला ना! पाय कुठं पडतोय बघा की!" वहिनी ओरडल्या.

"एवढं खेकसायला काय झालं? मदतच करतोय ना आम्ही?" पडदावाला म्हणाला.

त्या सगळ्यांत टेलरबाई होत्या. बसस्टँडमागं त्यांचं कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. चण लहान, पण तोंड असं की नाक्यावरचे रिक्षावाले त्यांना घाबरायचे. त्यांनी स्वतः शिवलेली, चारी बाजूंनी निळी पट्टी लावलेली कोरी चादर आणली होती आणि ती अंथरतानाच त्यांचा जीव वरखाली होत होता.

"डाग पडता कामा नये हं. उद्या पाहुणे यायचेत, त्यांच्यासाठी शिवलीय."

"मग जुनी आणायची," वहिनी म्हणाल्या.

"जुन्या घरच्यांच्या अंगावर आहेत. आमच्याकडे काय चादरींचं झाड आहे?"

 टेलरबाई पाणी प्यायला म्हणून घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात कोबीचा गड्डा घेऊन.

"बघा, बघा सगळ्यांनी! हा यांच्या ओट्यावर होता. केवढा आहे! माझ्या टोपलीत गेल्या रविवारी मुठीएवढा आला होता."

माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. बघण्यातही बोलणं असतं. वहिनी तरातरा गेल्या, गड्डा हिसकावून घेतला आणि उलटा केला. मागची बाजू आत पोकळ, काळी, अळीनं पोखरलेली. वास येत होता.

"घ्या. तुमच्या टोपलीत टाकायला लाज वाटली म्हणून आम्ही खातो. तुम्हाला हवा असेल तर न्या. अळ्या फुकट."

कुणीतरी फिसकन हसलं. टेलरबाईंचं तोंड एवढंसं झालं. "एवढं अंगावर यायचं काही कारण नव्हतं."

"चोर ठरवलंत, मग कुठं यायचं?"

"चोर मी म्हटलं नाही!"

"म्हणायचं तेवढं राहिलं होतं."

भांडण वहिनींनी जिंकलं. पण आपल्या घरात किडकं खातात हे आज चारचौघांत उघडं पडलं. सभासद अंधार पडता पडता निघून गेले. जाताना दादा एकेकाला फाटकापर्यंत पोचवत होते, आभार मानत होते, मान तुकवत होते. वहिनी पाठ फिरवून शेवटच्या चादरीवर दगड ठेवत राहिल्या.

सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा रान पांढरं पडलं होतं. गवत, तार, फाटकाची कडी, सगळ्यावर बारीक खडीसाखर पसरल्यासारखी. चादरी पत्र्यासारख्या कडक झाल्या होत्या. वहिनींनी एका चादरीचं टोक बोटभर उचललं आणि वाकून आत बघितलं. पानं कापडाला चिकटलेली होती, पण हिरवी होती. जिवंत होती! त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. रानात बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्या एकट्याच हसल्या. आता सूर्य पलीकडच्या झाडांच्या रांगेवर येईपर्यंत थांबायचं, बस.

आणि तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला.

एक नाही, बऱ्याच. अध्यक्ष सगळ्यांत पुढं. कुणाला दुकान उघडायचं, कुणाला पोरं शाळेत सोडायची, आणि त्याआधी ज्याला त्याला आपापली चादर हवी. वहिनी रानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी हात हलवले, हाका मारल्या. अध्यक्षांनी त्याला हात हलवून उत्तर दिलं, रामराम केल्यासारखं, आणि वाकून पांढऱ्या चादरीचं टोक धरून ओढलं.

चर्रर्र असा आवाज झाला. चादर वर आली आणि तिच्याबरोबर पानं आली, फाटलेली, अर्धी, देठासकट. अख्खा वाफा टोकापर्यंत उघडा पडला. अध्यक्ष चादर झटकायला लागले आणि हिरवा चुरा त्यांच्या बुटांवर पडला.

"सोडा!" वहिनी धावत आल्या. वाटेत पडलेलं फावडं त्यांनी कधी उचललं, त्यांचं त्यांना कळलं नाही. "सोडा म्हणते ना! हात काढा सगळ्यांनी!"

"वहिनी, आवाज खाली," अध्यक्ष म्हणाले. "चादर माझी आहे."

"चादर तुमची. पालक कुणाचा?"

"पालकही आमचाच आहे!"

"मग आपल्या हातानं आपलंच ताट लाथाडताय, कळतंय का? गोठलंय ते. ऊन आल्याशिवाय सुटणार नाही. निरोप वाचला नाहीत?"

"कसला निरोप? दादा म्हणाले, सकाळी केव्हाही या."

वहिनींनी मागं वळून बघितलं. दादा शर्टाची बटणं लावत घरातून येत होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि वहिनींना सगळं कळलं.

"मी सांगितलं होतं ते टाकलं नाहीत?"

"अगं, टाकणारच होतो. पण सगळे विचारायला लागले, सकाळी लवकर मिळेल ना, लवकर मिळेल ना... एवढ्या थंडीत आली होती माणसं. मला नाही म्हणवेना." मग ते सभासदांकडे वळून हसले, तेच नेहमीचं हसू. "एवढ्या निकडीच्या आहेत त्या देऊ या. मी हळूच सोडवतो." आणि ते खरंच सभासदांतल्या एका नर्सबाईंच्या चादरीकडे वाकले.

वहिनींनी फावडं त्यांच्या हातापुढं जमिनीत खाडकन रोवलं.

"लावा हात. याच फावड्यानं तोडीन."

 नवऱ्याला चारचौघांत असं बोलणारी बाई त्यांतल्या बऱ्याच जणांनी बघितली नव्हती. निदान घराबाहेर तरी नव्हती बघितली. दादा सरळ उभे राहिले. चेहरा पडला होता, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

"माझी ड्यूटी आहे हो," नर्सबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "आईच्या अंगावरची काढून आणली होती मी."

"ड्यूटीवर जा. ऊन आलं की मी स्वतः घरी आणून देते. आईला सांगा, एका दुष्ट बाईनं अडवली."

नर्सबाई गेल्या. आणखी काही जण चरफडत गेले. "रविवारी बघू," असं अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले आणि हिरवे डाग पडलेली चादर काखेत मारून निघाले. पण टेलरबाई हटायला तयार नव्हत्या.

"पाहुणे दारात येऊन बसलेत माझ्या. मी माझी नेणार."

"नेऊन दाखवा."

टेलरबाई वाफ्यात शिरल्या. वहिनींनी त्यांना ढकललं. आपण फक्त आडव्या झालो असं वहिनी पुढं शपथेवर सांगत, पण ढकललं, चांगलं दोन्ही हातांनी. टेलरबाई गोठलेल्या सरीत मागच्या मागं बसल्या, आणि बसल्या त्या अशा की तोंडातून शब्द फुटेना. ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झाली असावी.

"तू मला पाडलंस?" शेवटी त्या म्हणाल्या.

"पाडलं."

"बघतेच तुला. चादर घेतल्याशिवाय इथून हलणार नाही." आणि त्या कशाबशा उठून बांधावर जाऊन बसल्या, एका कुल्ल्यावर, कण्हत, शिव्या देत.

ऊन आलं तेव्हा आधी चादरींवरून वाफ निघायला लागली. मग कापड मऊ पडलं. वहिनींनी एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला दादा आले. दोघं एकमेकांकडे न बघता एकेक चादर कडेकडेनं सोडवत गेले, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढावी तशी. खाली पानं ओली होती, पडलेली होती, पण धड होती. थोड्या वेळानं ती मान वर काढायला लागली. अध्यक्षांनी उघडा पाडलेला वाफा मात्र तेवढ्यात काळपट झाला होता, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा लिबलिबीत.

निळ्या पट्टीची चादर वहिनींनी घडी करून बांधावर नेऊन दिली. टेलरबाईंनी ती उलगडून उलटसुलट बघितली. बराच वेळ त्या रानाकडेही बघत होत्या, इकडून तिकडे.

"डाग पडलाय," त्या म्हणाल्या.

"पडलाय."

टेलरबाई लंगडत निघून गेल्या.

नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. कामापुरतं व्हायचं, तेही सासूबाईंच्या मार्फत. "त्यांना सांगा, खड्ड्यात साठवलेल्या गाजरांवर पेंढा टाकायचाय." "तिला सांग, टाकला." म्हातारीनं एक दिवस हे सहन केलं आणि मग म्हणाली, "मला पोस्टमन करू नका. भांडायचं तर मोठ्यानं भांडा, माझा वेळ तरी जाईल."

रविवार उजाडला. कितीतरी दिवसांनी पालकाचे ढीग लागले, सॅलडचे लागले. वहिनींचे हात देठ कापून कापून हिरवे झाले होते. सभासद आले आणि मुकाट्यानं आपापल्या टोपल्या भरून घेऊ लागले. टोपल्यांवर पानं अशी रचली गेली की दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. पण बघून कुणी वा म्हटलं नाही. सगळ्यांना पुढं काय आहे ते माहीत होतं. फाटकाबाहेर गाडीत ते तरुण जोडपं येऊन बसलं होतं.

अध्यक्ष अंगणात मधोमध उभे राहिले. "पीक वाचलं, आनंद आहे. पण पीकच सगळं नसतं. आपण माणसं आहोत. मदतीला आलेल्यांवर फावडं उगारलं गेलं. एका बाईंना ढकलण्यात आलं. वयाचा, मानाचा काही विचार? माझं एवढंच म्हणणं आहे की वहिनींनी सगळ्यांसमोर माफी मागावी. मागितली तर विषय संपला. नाही मागितली, तर दुसरी माणसं तयार आहेत, गोड स्वभावाची."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत खाटेवर म्हातारी खोकत होती. माफी म्हणजे काय, एक शब्द. त्यानं काय अंगाला भोकं पडतात? एवढ्या थंडीत म्हातारीला घेऊन कुणाच्या दारात जायचं?  त्या बोलणार होत्या, खरंच बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं.

"ती नाही मागणार," दादा म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. दादांचे हात सवयीनं जोडले गेले होते. ते त्यांनी सोडले आणि पाठीमागं धरले.

"तिनं मला निरोप टाकायला सांगितला होता. ऊन येईपर्यंत येऊ नका म्हणून. मी टाकला नाही. उलट केव्हाही या म्हणालो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मला सगळ्यांना बरंच वाटायला हवं असतं." मग ते टोपल्यांकडे वळले. "त्या दिवशी तिनं मला अडवलं नसतं तर तुमच्या सगळ्यांच्या चादरी मीच ओढून दिल्या असत्या आणि आज टोपल्यांत चिखल असता. माफी मागायचीच तर मी मागतो. तिची मागतो. तुमची नाही."

आत्ता सुचलं या माणसाला! वहिनींना संताप आला. घर हातातून जाताना हा मर्द झाला! आणि त्याच वेळी माफीसाठी उघडलेलं तोंड त्यांनी घट्ट मिटून घेतलं.

अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला. "ठीक आहे. मग सरळ विचारतो. ज्यांना वाटतं की माणसं बदलावीत, त्यांनी हात वर करा." आणि त्यांनी स्वतःची टोपली खाली ठेवली, कारण टोपली धरून हात वर करता येत नव्हता.

पडदावाल्यानं टोपली ठेवली. त्याच्या शेजारच्यानं ठेवली. वहिनी हात बघतच नव्हत्या, त्या टोपल्या बघत होत्या. स्वतः कापलेला पालक मातीवर टेकत होता. आणखी एक टेकली. आणखी एक. नर्सबाईंनी आपली टोपली छातीशी धरली होती आणि मान खाली घातली होती. बरेच जण ठेवू की नको करत इकडेतिकडे बघत होते, आणि बघता बघता सगळ्यांचे डोळे टेलरबाईंकडे गेले. त्यांनी हात वर केला की उरलेले करणार, हे उघड होतं. पडल्या तर त्याच होत्या.

टेलरबाईंची टोपली कमरेवर होती. त्या तशाच उभ्या.

"टेलरबाई, तुम्हाला तर तिनं पाडलं," अध्यक्ष म्हणाले.

"पाडलं. अजून मशीनवर बसता येत नाही."

"मग?"

"मग काय मग? ही बाई मला मुळीच आवडत नाही. तोंडाळ आहे, उर्मट आहे, पाणी प्यायला गेलं तर अळ्या दाखवते." काही जण हसले. टेलरबाई हसल्या नाहीत. "पण तुम्ही सगळे निघून गेलात. मी ऊन येईपर्यंत त्या बांधावर बसून होते. तुम्ही ओढलात तो वाफा जाऊन बघा, अध्यक्ष. काळा पडलाय. बाकीचा तुमच्या टोपल्यांत आहे." त्यांनी फाटकाबाहेरच्या गाडीकडे हनुवटी केली. "ती पोरगी गोड आहे, मान्य. मी तिच्या अंगावर गेले असते तर तिनं मला नाही म्हटलं असतं का? छे! घ्या काकू, म्हणाली असती. आणि मी माझी चादर नेली असती, सगळ्यांच्या पालकासकट. मला ओळखता ना तुम्ही? मला अडवील अशी कुणी असेल तर दाखवा, मी टोपली खाली ठेवते."

 नाक्यावरचे रिक्षावाले ज्यांना घाबरायचे त्यांना अडवणारी दुसरी बाई सगळ्या गावात नव्हती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. थोड्या वेळानं पडदावाल्याच्या शेजारचा वाकला आणि त्यानं आपली टोपली उचलली, माती झटकली. मग दुसऱ्यानं उचलली. पडदावाल्यानंही उचलली, कुणाकडे न बघता. शेवटी अध्यक्षांचीच तेवढी खाली राहिली. त्यांनी ती घेतली आणि सगळ्यांच्या आधी ते फाटकाबाहेर पडले.

वहिनी घरामागं विहिरीवर गेल्या. तिथं त्या रडल्या, पोटभर, हुंदके देऊन, नाक पुसायला काही नव्हतं म्हणून पालकानं हिरव्या झालेल्या हातांनीच पुसत. दादा मागून आले आणि शेजारी उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "आभाळ बघितलंत? आज पुन्हा गोठणार."

"टाकतो निरोप."

"काय टाकणार?"

"ऊन वर येईपर्यंत कुणी यायचं नाही."

अंगणात सगळे पांगले होते. टेलरबाईच तेवढ्या फाटकाशी, दुखरं अंग सांभाळत टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेत होत्या. वहिनी तिथपर्यंत गेल्या. आभार मानावेत असं त्यांच्या मनात फार होतं, पण तोंडाला सवय नव्हती.

"संध्याकाळी चादरी लागतील," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठी नाही आणणार."

"माझ्यासाठी नकोच. आणि सकाळी लवकर फिरकू नका."

"फिरकले तर?"

"पुन्हा पाडीन."

टेलरबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं. "पाड की," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याला लागल्या.